लाल पट्टीच्या अलीकडे

"झाकणाले हात लावू नका जी!"

दीप्ती इतक्या जोरात ओरडली, की कन्हानच्या पुलाकडे निघालेल्या एका ट्रकवाल्यानंही मान बाहेर काढून पाहिलं. पण त्या माणसाचा हात रुमालासकट रेडिएटरच्या झाकणापाशी पोचलाच होता. मग काय करते बिचारी? पुढे झाली आणि सरळ त्याचं मनगटच धरलं.

मे महिन्यातली दुपार. जबलपूर रोडवर एखाददुसरा ट्रक सोडला तर चिटपाखरू नाही, डांबर नुसतं चटके देतंय, आणि कडेला बोनेट उघडून उभी असलेली आकाशी रंगाची जुनी अँबेसेडर फसफस वाफ सोडतेय. अशा वेळी आपली मोटारसायकल थांबवून कुणी मदतीला आलं, तर त्याच्यावर ओरडू नये, हे खरं. पण दीप्ती तशी होती. आधी ओरडायची, मग आभार मानायची.

"हात भाजून घ्यायची हौस आहे का तुम्हाले?"

"मी तर मदत करून राहिलो होतो."

"अशी मदत केली असती ना, तर तुम्हालेच दवाखान्यात न्यावं लागलं असतं. आणि न्याले गाडी कुठं आहे? हे पाहा, उभी आहे बंद पडून!"

तो हसला. अगदी मोकळं हसला. मग त्यानं हळूच आपल्या मनगटाकडे पाहिलं... आणि दीप्तीच्या लक्षात आलं, की तिनं ते अजून सोडलेलंच नाही. तिनं झटकन हात मागे घेतला आणि उगाचच फॅनबेल्ट चाचपायला लागली.

"मी बुटीबोरीले असतो," तो म्हणाला. "कापडाच्या मिलमध्ये, मेंटेनन्सले. दिवसभर मशीनचं गरम पाणी थंड करणं, हेच काम आहे माझं."

"मग उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडत नसतात, हे नाही शिकवलं का तिथं?"

"शिकवलं होतं जी. पण तिथं समोर... असं कोणी उभं नसते."

दीप्तीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण कानशिलं गरम झाली, आणि ती काही उन्हानं झाली नव्हती.

इंजिन निवेपर्यंत दोघं बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत उभी राहिली. त्यानं पाण्याची बाटली पुढे केली. विचारलं, "एवढ्या उन्हात गाडी काढलीच काहून?"

"उन्हातच तर पाहायची आहे. रविवारी भरदुपारी नवरी आणायची आहे यातून. पारशिवनीहून नागपूरले, इंदोऱ्याच्या हॉलवर."

त्याचं हसू थोडं ओसरलं. "कोणाची नवरी?"

"गजभियेंची. भूमिका गजभिये."

त्यानं बाटलीचं झाकण लावलं. हळूहळू, गरजेपेक्षा जास्त घट्ट.

"भूमिका माझी बहीण आहे," तो म्हणाला. "मी प्रशिक."

आता दीप्तीचं काय झालं असेल, सांगा! शोरूममधली चांगली नोकरी सोडून तिनं बाबांची अँबेसेडर लग्नासाठी भाड्यानं द्यायचा धंदा काढला होता. हे पहिलंच बुकिंग. भूमिकानं फोटो पाहून हट्टच धरला होता, की नवरी म्हणून जाईन तर याच गाडीतून. आणि नवरी रस्त्यात अडकली असती, तर संपलंच सगळं. उत्तर नागपुरात लग्नाची बातमी वाऱ्यासारखी पसरते, दुसरं बुकिंग जन्मात आलं नसतं. हे सगळं ज्या माणसाला अजिबात कळायला नको होतं, नेमका तोच बाभळीखाली उभा होता.

"वाईट वाटून घेऊ नका," प्रशिक म्हणाला. त्याचा आवाज आता भावाचा झाला होता. "पण ही गाडी आणखी एकदा जरी उकळली, तर भूमिका दुसऱ्या गाडीनं जाईल."

"वाईट तर वाटून घेईनच मी," दीप्तीनं बोनेट धाडकन लावलं. "पण उकळणार नाही."

"मी येत जाऊ का संध्याकाळी? पाहू दोघं मिळून."

"माझ्यावर पहारा द्याले?"

"गाडीवर जी..." तो म्हणाला, आणि कुठं पाहावं ते न सुचून गाडीच्या चाकाकडे पाहायला लागला.

तो खरंच आला. मिल सुटली की बुटीबोरीहून अख्खं शहर ओलांडून इंदोऱ्यातल्या दीप्तीच्या गल्लीत यायचा. तोंडावर धूळ, शर्ट घामानं चिकटलेला. ओट्यावर बसलेल्या देवरावांना वाकून "जय भीम काका" म्हणायचा आणि बाह्या सारून कामाला लागायचा.

देवराव म्हणजे दीप्तीचे बाबा. उभा जन्म सरकारी साहेबांच्या गाड्या चालवण्यात गेला. निवृत्त होताना ही अँबेसेडर लिलावात घेतली आणि पोटच्या पोरीसारखी सांभाळली. नुकतंच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यांवर काळा चष्मा, उन्हात जायला मनाई, त्यामुळे सगळा जीव नुसता हुकूम सोडण्यात.

"काही खोला, काही पाहा. पण समोरच्या जाळीले हात लावायचा नाही! ओरिजनल आहे. एक क्लिप तुटली तर दुनियेत मिळत नाही."

"नाही लावत काका."

"त्याले सांगून ठेव वं दीप्ती."

"सांगितलं बाबा. भिऊन राहिला तो तुम्हाले."

"काकांपेक्षा तुम्हाले जास्त भेतो," प्रशिक बोनेटमध्ये डोकं घालून पुटपुटला. दीप्तीनं हसू दाबलं.

पण हसण्यासारखी परिस्थिती नव्हती हो. दोष सापडतच नव्हता. गल्लीत गाडी कितीही वेळ चालू ठेवा, तापमानाचा काटा मधोमध शहाण्यासारखा बसून राहायचा. मोकळ्या रस्त्याला लागून जरा वेग घेतला, की निघाला लाल पट्टीकडे. फॅनबेल्ट घट्ट, होज पाईप धड, पाणी कुठं गळत नाही, ऑईलमध्ये पाणी नाही. रेडिएटर आतून धुऊन काढला, तांबूस गाळ निघाला. तरी दुपारी रस्त्यावर काटा तेच नाटक करी.

मग प्रशिकला वाटलं, थर्मोस्टॅट अडकत असेल. इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारी ती पितळेची चकती. ती उघडते की नाही, हे पाहायचं तर उकळत्या पाण्यात टाकून पाहावी लागते. दीप्तीनं सरळ स्वयंपाकघरातलं पातेलं उचललं.

"अव माय! चहाच्या पातेल्यात गाडीचं आतडं उकळून राहिले हे लोक!" शोभाताई, म्हणजे दीप्तीची आई, कपाळाला हात लावून किंचाळल्या.

"नवीन आणून देतो काकू," प्रशिक म्हणाला.

"पातेलं आणशील बाप्पा, त्यातल्या चहाची चव कुठून आणशील?"

गॅसवर पाणी तापायला लागलं. दोघं पातेल्यावर वाकली. वाफेनं दीप्तीच्या कपाळावरची बट ओली होऊन गालाला चिकटली, आणि प्रशिकचं लक्ष चकतीवरून उडालं.

"तिकडं पाहा," दीप्ती नजर न वळवता म्हणाली.

"तिकडंच पाहून राहिलो."

"खोटं बोलता..."

आणि चकती उघडली. अलगद, जशी उघडायला पाहिजे तशी. "उघडली," दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं. मग दीप्तीनं गॅस बंद केला. चकती उघडली म्हणजे ती चांगली होती, आणि ती चांगली होती म्हणजे दोष दुसरीकडेच होता. रविवार तर तोंडावर आलेला.

शनिवारी पहाटे कामठीपर्यंत फेरी मारून आणली. काटा जागचा हलला नाही. परत आल्यावर प्रशिक खुशीत होता. दीप्तीनं मात्र गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली.

"खरं सांगू का जी? ही परीक्षा खरी नाही. दुपारचं ऊन कुठं होतं यात?"

तिनं हे सांगितलं नसतं, तर त्याला कळलंही नसतं. प्रशिक तिच्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, "मग उद्या मागं एक एसीवाली गाडी ठेवतो. निव्वळ सोबत म्हणून. चालेल?"

"चालेल. भूमिकाचा भाऊ आहात, ठेवालेच पाहिजे."

बोलली शहाण्यासारखी. पण घरात जाऊन उशीत तोंड खुपसून रडली. आपल्या गाडीच्या मागं दुसरी गाडी यावी, हे कुणालाही झोंबेल. आणि ती त्यानं आणावी, हे तर जास्तच झोंबत होतं. का झोंबत होतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

रविवारी दुपारी पारशिवनीत गजभियेंच्या दारात अँबेसेडर येऊन उभी राहिली. मोगऱ्याच्या माळा, आरशासारखी पुसलेली काच. घरातली बाकी मंडळी ट्रॅक्स जीपमधून पुढं गेली होती. मागच्या सीटवर पांढऱ्याशुभ्र साडीतली भूमिका बसली, तिच्या शेजारी देवराव. डॉक्टरांची मनाई धाब्यावर बसवून, काळ्या चष्म्यासकट आले होते. पुढं दीप्तीच्या बाजूला प्रशिक. पांढरी एसीवाली गाडी कोपऱ्यावर उभी होती. दीप्तीनं ती पाहिली आणि मान फिरवली.

मंगल परिणयाची वेळ साडेपाचची. भंतेजी वेळेचे पक्के, शिवाय त्यांना त्यानंतर दुसरं लग्न लावायचं होतं. उशीर होऊन चालणारच नव्हतं.

आमडी फाट्यापर्यंत सगळं छान चाललं. भूमिका बडबडत होती. हायवेला लागल्यावर दीप्तीनं वेग घेतला, आणि जरा वेळानं... काटा हलला.

दोघांची नजर त्या एका काट्यावर खिळली. मधल्या रेघेवरून काटा वर सरकला. थोडा थांबला. पुन्हा सरकला. तिनं वेग कमी केला. काटा खाली येईना.

"फोन लावा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मागची गाडी पुढं बोलवा. भूमिकाले त्यात बसवू."

प्रशिकनं खिशातून फोन काढलाच नाही.

"ऐकलं का जी? उशीर नको व्हाले. माझं काय व्हायचं ते होऊ द्या."

"गाडी नाही आहे मागं."

"नाही म्हणजे?"

"निघतानाच खूण करून परत पाठवली मी."

दीप्तीचा पाय ब्रेकवर पडता पडता राहिला. "येडे झाले का तुम्ही? बहिणीचं लग्न आहे! आता या सीझनमध्ये कुठून आणाल दुसरी गाडी? काहून पाठवली?"

"ती गाडी पाहून तुमचा चेहरा उतरला," प्रशिक म्हणाला. समोर पाहत, कुणाला ऐकू जातंय याची पर्वा न करता. "मले नाही पाहवलं ते. तुम्ही मले खरं सांगितलं होतं, माझ्यापासून काही लपवलं नाही. अशा माणसाच्या मागं पहारा लावाचा? नाही जमलं मले."

दीप्तीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. राग आला, भीती वाटली, आणि या दोन्हींच्या खाली काहीतरी असं गोड उसळलं, की तिला स्वतःचीच लाज वाटली. काटा लाल पट्टीच्या अगदी अलीकडे येऊन पोचलाय, इंजिन जायच्या बेतात आहे, मागं पांढऱ्या साडीत नवरी बसलीय, आणि हिला हे काय सुचतंय?

"दीप्तीताई," मागून भूमिका म्हणाली. तिला बिचारीला भांडणापलीकडं काही कळलं नव्हतं, विषय बदलायचा म्हणून बोलली. "गाडीत अत्तर लावलं का वं? खसचा काय मस्त वास येऊन राहिला!"

"नाही गं. कूलरचा असेल कोणाच्या..." दीप्ती सवयीनं म्हणाली, आणि तिथंच थबकली.

कूलर? कोणाचा कूलर?

मे महिन्यात नागपुरात खसचा वास कुठं नसतो? घराघरात कूलर, कूलरला खसची म्हणजे वाळ्याची ताटी, गल्लीत शिरलं की नाकात तोच वास. इतका, की वास येतोय हेही कळत नाही. इतके दिवस दोघं त्याच वासात गाडीवर वाकून होती. पण इथं? दोन्ही बाजूंना उघडी वावरं. घर नाही, दार नाही. आणि काटा जसा वर चढतोय, तसा वासही वाढतोय.

दीप्तीनं आरशात पाहिलं. देवराव काळ्या चष्म्याआडून खिडकीबाहेर पाहत होते. मघापासून ते एक शब्दही बोलले नव्हते.

"बाबा, जाळीमागं काय आहे?"

"काय राहील? काही नाही."

"बाबा!"

देवरावांनी चष्मा सारखा केला. "गाडी घे बाजूले, बेटा. खस आहे."

दीप्तीनं गाडी कडूनिंबाखाली घेतली. इंजिन चालूच ठेवलं, बोनेट उघडलं. देवराव काठी टेकत उतरले.

"साहेबांच्या गाडीले लावत होतो मी. जाळीमागं खसची पातळ ताटी, आणि जिथं थांबलो तिथं पाणी मारायचं. बाकीच्या ड्रायव्हरच्या गाड्या उकळायच्या, माझी कधीच नाही. सगळे विचारायचे, देवराव काय जादू आहे गा? कधी कोणाले सांगितलं नाही. यंदा डोळ्याचं झालं, पाणी मारायचंच राहून गेलं. मले वाटलं, नाही ओली तर नाही... असू दे, काय बिघडते."

"मग आम्ही इतके दिवस शोधून राहिलो, तेव्हा सांगितलं काहून नाही?"

"शरम वाटली," देवराव म्हणाले. "गाडी माझ्यामुळंच उकळून राहिली असं निघालं, तर मी काय ड्रायव्हर राहिलो?"

प्रशिकला एकदम उलगडा झाला. वाळलेल्या ताटीनं समोरचा वारा अडवला होता. गल्लीत उभ्या गाडीचं इंजिन तापतच नव्हतं फारसं, म्हणून तिथं काटा शहाणा. हायवेवर वेग घेतला, इंजिन तापलं, आणि वारा आत यायला वाटच नाही! हे सगळं तो सांगणार होता, पण देवरावांचा चेहरा पाहून गप्प बसला. नुसता म्हणाला, "काका, स्क्रू तुम्हीच काढा. आमच्याच्यानं क्लिप तुटेल."

देवराव वाकले. बोटांनी चाचपत चाचपत स्क्रू काढले. शेवटची क्लिप निघेना. त्यांनी एक क्षण डोळे मिटले आणि जाळी ओढली. कट्ट!

"तुटली," भूमिका हळहळली.

"तुटू दे. नवरी वेळेवर गेली पाहिजे."

आतून निघालेली ताटी पुठ्ठ्यासारखी कडक झाली होती, बाहेरून रेडिएटरचाच भाग वाटावी अशी. बोअरच्या खाऱ्या पाण्याचे वर्षानुवर्षांचे पांढरे थर चढलेले. प्रशिकनं ती उपसून काढली आणि वावरात भिरकावली. तिघं काचेतून काट्याकडे पाहत उभी राहिली. पंखा भणभणत होता. काटा लाल पट्टीपाशी थरथरला... तिथंच घुटमळला... आणि मग हळूहळू उतरायला लागला. भूमिकानं खिडकीतून टाळ्या वाजवल्या. दीप्तीला मात्र हसावं की रडावं कळेना. तिनं घाईघाईनं स्टिअरिंग हाती घेतलं.

कन्हान गेलं, कामठी गेलं. पुढून उघडंबोडकं तोंड घेऊन अँबेसेडर भर उन्हात धावत राहिली आणि काटा मधोमध बसून राहिला. इंदोऱ्याच्या हॉलच्या दारात गाडी थांबली, तेव्हा भंतेजी नुकतेच आसनावर बसत होते. बाया धावत आल्या, फुलं उधळली, भूमिकाला हाताला धरून आत घेऊन गेल्या. फोटोवाले गाडीभोवती गोळा झाले, मग तेही आत पळाले.

दीप्ती मात्र जागची उठली नाही. स्टिअरिंग तिनं अजून घट्ट धरूनच ठेवलं होतं. आतून त्रिशरण ऐकू येऊ लागलं. प्रशिक शेजारीच बसून होता.

"तुम्ही जा ना. भाऊ आहात."

"जातो. आधी तुम्ही बऱ्या व्हा."

"समजा... बंद पडली असती तर?"

"तर शिव्या खाल्ल्या असत्या. तुमच्या, आईच्या, भूमिकाच्या. सगळ्यांच्या."

"मले असा माणूस नको," दीप्ती एका दमात म्हणाली. "कोणाचा चेहरा उतरला म्हणून बहिणीचं लग्न पणाला लावणारा. असा येडा माणूस मले अजिबात नको होता."

प्रशिकचा चेहरा पडला. "बरोबर आहे तुमचं..."

"पुरं ऐका ना जी! नको होता. पण आवडला. त्याले मी काय करू? पातेल्यापाशीच आवडला होता, आज तर फारच आवडला..."

ती दोन्ही हातांत तोंड लपवून बसली. प्रशिक कसाबसा म्हणाला, "मले तर... तुम्ही ओरडल्या होत्या ना माझ्यावर, तेव्हापासूनच..."

मागच्या सीटवरून खाकरण्याचा आवाज आला.

दोघं दचकून वळली. देवराव! गाडी सोडून हा माणूस कधी कुठं जात नसे, हे दीप्तीच्या लक्षातच राहिलं नव्हतं. काळा चष्मा लावून, काठीवर हनुवटी टेकवून, निवांत बसले होते.

"सध्या दिसत नाही मले फारसं," देवराव म्हणाले. "पण ऐकू सगळं येते."

"काका, मी..." प्रशिकची तर पार तारांबळ उडाली.

"चूप बैस. मी एक गोष्ट लपवून ठेवली, तर आज इंजिन जाता जाता वाचलं. तुम्ही काही लपवून ठेवू नका. तुझी आई आत आहे ना?"

"हाव जी."

"मग लग्न लागलं की घेऊन ये तिले बाहेर. मी बसतो इथं."

प्रशिकनं दीप्तीकडे पाहिलं. तिनं ओल्या डोळ्यांनी मान हलवली. तो दार उघडून उतरला, शर्ट खोचला, केसांवरून हात फिरवला, आणि चार पावलं रुबाबात टाकून मग हॉलकडे चक्क पळतच सुटला.